अक्षत नादाची साठवण

कल्याणाहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं तीन गांवें एकामागून एक लागतात. पैकीं अंबरनाथास वालधुनीच्या कांठीं शिलाहारांच्या काळचें शिवमंदिर उभें आहे, आणि त्या मंदिरांत एक लहानसा कोरीव लेख आहे. त्यांतील शक ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा आज मानला जातो. परंतु एकोणिसाव्या शतकांत हा लेख प्रथम वाचला गेला तेव्हां झिजलेल्या अक्षरांमुळें पहिला आंकडा नवाऐवजीं साताचा वाटला, शक ७८२ असा लागला, आणि मंदिर एकदम दोनशें वर्षांनीं जुनें ठरलें. पुढें लेख पुन्हां बारकाईनें तपासला गेला तेव्हां ही चूक दुरुस्त झाली. दगड जागचा हालला नव्हता, लेख कोणी पुसला नव्हता; एक आंकडा काय तो वाचतांना बदलला होता.

आज याच तीन गांवांतल्या एखाद्या घरीं संध्याकाळच्या वेळीं कोणी रसिक केसरबाई केरकरांची भैरवी लावतो. तबकडी फिरत नाहीं, सुई टेकत नाहीं. कपाटांत ठेवलेल्या, डब्याएवढ्या संगणकांतून अंक निघतात, घरांतल्या घरांत बिनतारी वाटेनें येतात आणि दिवाणखान्यांतल्या कर्ण्यांतून पुन्हां स्वर होतात. या साठवणुकीस इंग्रजींत ‘लॉसलेस’ असें नांव आहे. आपल्याकडे तिला अक्षत म्हणण्यास हरकत नसावी. मूळ मोजमापांतला एकहि आंकडा न गळतां, न बदलतां परत मिळणें, हा तिचा अर्थ. अंबरनाथच्या लेखाच्या बाबतींत जी चूक उमगावयास दुसरा वाचक यावा लागला, तसली चूक ही साठवण आपली आपण पकडते. मात्र येथपर्यंत येण्यास गाण्याला सव्वाशें वर्षें लागलीं, आणि त्या वाटेवर जें गळालें तें पुष्कळ आहे.

एडिसननें फोनोग्राफ १८७७ सालीं केला. नळकांड्यावर उमटणारा तो आवाज थोड्याच वेळां ऐकतां येई, आणि त्याच्या प्रती काढणें अवघड असे. बर्लिनरनें १८८७ सालीं सपाट तबकडीची युक्ति काढली. तिचा साचा करून हव्या तितक्या प्रती छापतां येऊं लागल्या. हिंदुस्थानांत ग्रामोफोन कंपनीचा गैसबर्ग १९०२ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास मुद्रण करूं लागला, आणि गौहरजान हिचा आवाज त्याच मुक्कामांत मेणावर उतरला. मेणाचे ते ठसे जर्मनींतील हॅनोव्हर येथें गेले आणि तबकड्या होऊन परत आले. तबकडीच्या मिश्रणांत लाख, दगडाची भुकटी आणि काजळी असे. जगाला लागणाऱ्या लाखेचा मोठा भाग हिंदुस्थानच्या जंगलांतलाच. तेव्हां लाख येथून जावी, गाणेंहि येथूनच जावें, आणि दोन्ही मिळून किंमत चढवून परत यावीं, असा तो व्यापार होता.

त्या वेळीं गायकास कर्ण्याच्या तोंडाशीं अगदीं जवळ उभें राहून मोठ्यानें गावें लागे. वीज अजून या कामास लागली नव्हती. श्वासाच्या धक्क्यानेंच पडदा हाले आणि पडद्यानें सुई हाले. अशा यंत्राला तंबोऱ्याची जवारी कशी ऐकूं यावी? ती बहुतेक बाहेरच राहिली. तबल्याची थाप कोठें कोठें लागे, सारंगी क्षीण येई. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटें, बारा इंचीस साडेचार, एवढाच अवकाश. जो राग मैफलींत तासभर उलगडावयाचा तो तीन मिनिटांत बांधणें हें एक नवेंच कसब होतें, आणि ज्यांना तें साधलें त्यांचीं नांवें घरोघर गेलीं. अब्दुल करीमखां यांनीं तें दोनदां साधलें. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ते कर्ण्यापुढें गायले, आणि १९३० नंतरच्या वर्षांत मायक्रोफोनपुढें. मधल्या काळांत, १९२५ च्या सुमारास, विद्युत्‌मुद्रण आलें होतें. दोन्ही काळांतल्या तबकड्या शेजारीं शेजारीं ऐकल्या म्हणजे यंत्र किती सुधारलें तें कळतें, आणि पहिल्या तबकडींत यंत्रानें त्या आवाजांतून काय काय वगळलें होतें तेंहि कळतें. बालगंधर्वांच्या नाट्यगीतांचें तेंच झालें. रंगमंचावर ‘वन्स मोअर’च्या गजरांत जें पद रात्र वाढवीत असे, तें तबकडीवर तीन मिनिटांत संपूं लागलें. पुढच्या पिढीस तें पद तेवढेंच होतें असें वाटलें, तर त्यांत तिचा दोष काय?

आणि कांहीं आवाज तर यंत्रापुढें आलेच नाहींत. भास्करबुवा बखले १९२२ सालीं वारले. ‘स्वयंवरा’च्या चाली ज्यांनीं बांधल्या त्यांचें स्वतःचें गाणें तबकडीवर नाहीं. अल्लादियाखां तर १९४६ पर्यंत हयात होते. मुंबईंत नभोवाणी केंद्र १९२७ च्या जुलैंत सुरू झालेलें, तबकड्यांचे कारखाने चालूं झालेले, मायक्रोफोन आलेला, आणि तरी त्या थोर गायकाचा आवाज मागें राहिला नाहीं. तो शिष्यांच्या गळ्यांतून ऐकावा लागतो. आजच्या कोणत्याहि यंत्राला ही उणीव भरून काढतां येत नाहीं. अक्षत साठवण ही आपल्या हातीं जें आलें तेथून पुढें सुरू होते.

त्याच अल्लादियाखांच्या शिष्या केसरबाई. गोव्यांतल्या केरी गांवीं १८९२ सालीं त्यांचा जन्म झाला. त्यांच्या भैरवीची साडेतीन मिनिटांची एक तबकडी १९७७ सालीं अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांवर पाठविलेल्या सोनेरी मुलाम्याच्या ताम्रतबकडींत समाविष्ट झाली. पहिलें व्हॉयेजर ५ सप्टेंबर रोजीं उडालें आणि १६ सप्टेंबर रोजीं केसरबाईंनीं देह ठेवला. अवकाशांत पाठविण्यासाठीं तेव्हां निवडलेली पद्धतहि खांचांचीच होती, अंकांची नव्हे. ती तबकडी मिनिटास सोळा आणि दोन तृतीयांश फेऱ्यांनीं फिरवावयाची आहे, आणि तशी सूचना तिच्या वेष्टणावर चित्रांनीं कोरलेली आहे. फेऱ्या किती हें सांगितल्याशिवाय तबकडी देऊं नये, ही सुबुद्धि पृथ्वीवरच्या कारखान्यांना नेहमीं सुचली नाहीं.

कारण ज्यांना सरसकट ‘अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या’ म्हणतात त्या सर्व अठ्ठ्याहत्तरनेंच मुद्रित झाल्या असें नाहीं. आरंभींच्या काळांत ती गति मुद्रणागणिक कमीअधिक असे. ७४ फेऱ्यांनीं मुद्रित झालेली तबकडी ७८ नें लावली तर स्वर जवळजवळ अर्ध्या स्वरानें वर चढतो. काळी एकमध्यें गाणारा गायक पांढरी दोनमध्यें गातो आहे असें वाटूं लागतें, तान जास्त चपळ होते, आणि आवाज थोडा कोवळा होतो. एखाद्यानें ही तबकडी चुकीच्या गतीनें फिरवून तिचे अंक केले, आणि ते अंक कितीहि अक्षत ठेवले, तरी ती चूकच अक्षत राहते. सुईचेंहि तसेंच. या तबकड्यांची खांच दीर्घवादन तबकडीच्या खांचेहून सुमारें तिप्पट रुंद असते. दीर्घवादनाची बारीक सुई तिच्यांत तळाशीं घसरते आणि गाण्यापेक्षां खरखरच अधिक वर आणते. म्हणून हें काम करणारे लोक सुई, गति आणि तबकडीची स्वच्छता यांवर जितका वेळ घालवितात तितका संगणकापुढें घालवीत नाहींत. बाजारांतले विक्रेते मात्र संगणकाकडचेंच जास्त सांगतात, तें साहजिक आहे.

तबकडीच्या मागून फीत आली. पूर्वीं नभोवाणीवरचें गाणें बहुधा प्रत्यक्ष गाइलें जाई आणि संपलें कीं संपे. १९५० नंतरच्या काळांत चुंबकीय फितींनीं तें धरून ठेवण्यास सुरुवात केली, आणि तासाचा ख्याल प्रथमच तासाचा राहूं शकला. रसिकांनीं घरचीं फीतयंत्रें घेतलीं, मैफलीच्या कोपऱ्यांत तीं लावलीं, आणि त्या फितींच्या प्रती एकमेकांस दिल्या. फिलिप्सनें १९६३ सालीं काढलेली कॅसेट १९८० नंतर आपल्याकडे घरोघर पोंचली तेव्हां हा व्यवहार शतपट वाढला. परंतु प्रत केली कीं फितीचा स्वतःचा सूं सूं आवाज प्रतींत मिसळे. त्या प्रतीची प्रत केली कीं तो दुप्पट होई. चवथ्या पांचव्या हातीं येईपर्यंत निषादापेक्षां सूं सूंच स्पष्ट ऐकूं येई. देणाऱ्याची माया मोठी असे, त्यामुळें तक्रार करणेंहि कठीण.

हा प्रतीचा शाप अंकांनीं उतरविला. पावसाळ्यांत उल्हास नदीच्या पाण्याची पातळी मोजून वहींत लिहून ठेवतात, तसें ध्वनिलहरीची उंची ठराविक अंतरानें मोजून लिहावी आणि त्या वहीवरून पुन्हां लहर उभी करावी, ही मूळ कल्पना. इंग्लंडच्या अॅलेक रीव्हज यानें ती १९३७ च्या सुमारास मांडली, आणि किती वेळां मोजलें म्हणजे पुरे, याचें गणित शॅननच्या निबंधानें १९४९ पर्यंत सर्वांसमोर आलें. जितकी उच्च कंपनसंख्या पकडावयाची तिच्या दुपटीहून अधिक वेळां मोजावें. माणसाचा कान सेकंदाला वीस हजार कंपनांपलीकडे ऐकत नाहीं. म्हणून १९८२ सालीं सोनी व फिलिप्स यांची लहान तबकडी, म्हणजे सीडी, बाजारांत आली तेव्हां तिच्यांत सेकंदाला ४४,१०० मापें ठरलीं, आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकीं एका पायरीवर. दोन बाजूंचे दोन ध्वनि धरले तर मिनिटास सुमारें एक कोटी सहा लाख बाइट होतात. वहींतले आंकडे उतरून घेतांना कितीहि वेळां उतरले तरी सात हा सातच राहतो; शंभरावी प्रत पहिलीइतकीच शुद्ध. संगीताच्या इतिहासांत ही गोष्ट पूर्वीं कधींच घडली नव्हती.

आणि ती घडल्यावर दहापंधरा वर्षांतच लोकांनीं ती आपण होऊन सोडूनहि दिली. दूरध्वनीच्या तारेवरून येणाऱ्या इंटरनेटला मिनिटाचा एक कोटी बाइट सोसेना. जर्मनींत फ्राउनहोफर संस्थेंतील ब्रांडेनबुर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जी पद्धत सिद्ध केली आणि जिला १९९५ सालीं ‘एमपी३’ हें नांव मिळालें, तिची युक्ति अशी: मोठा स्वर वाजत असतांना त्याच्या आसपासचा लहान स्वर कानाला कळत नाहीं, तेव्हां तो लहान स्वर टाकून द्यावा. अशा टाकाटाकीनें अकरापैकीं एकच भाग ठेवूनहि गाणें चालवून नेतां येतें. युक्ति मोठी हुशार, यांत शंका नाहीं. चित्रपटगीत बसमधून ऐकतांना तिचा दोष कोणास जाणवावयाचा? पण तंबोरा हा वाद्यवृंदांतला असा घटक आहे कीं तो ‘मोठ्या स्वराच्या आसपासचा लहान स्वर’ याखेरीज दुसरें कांहींच नसतो. जवारींतून निघणारे वरचे सूक्ष्म स्वर, ज्यांवर गायक आपला गांधार लावून पाहतो, तेच हिशेबी यंत्राला आधीं अनावश्यक वाटतात. कमी मापाच्या एमपी३ मध्यें तंबोरा पाण्यांत बुडाल्यासारखा होतो, हें अनेक घरांत ऐकलेलें आहे. येथें एक गोष्ट प्रांजळपणें सांगावयास हवी. याच पद्धतीचें मोठें माप, सेकंदाला ३२० हजार बिटांचें, वापरलें तर चांगल्या कानाच्या माणसालाहि डोळे मिटून फरक ओळखणें कठीण जातें. अक्षत साठवणुकीचा मुख्य लाभ त्या संध्याकाळच्या कानाला नाहीं. पुढच्या प्रतीला आहे. टाकलेलें टाकलें, त्या धारिकेवरून दुसऱ्या मापाची धारिका केली कीं आणखी कांहीं टाकलें जातें, आणि कॅसेटचा तोच जुना शाप नव्या वेषांत परत येतो.

यावरचा तोड एका अमेरिकन तरुणानें, जॉश कोल्सन यानें, काढला. २००० सालीं त्यानें काम आरंभिलें, २००१ च्या जुलैंत पहिली पूर्ण आवृत्ति दिली, आणि ती कोणीहि फुकट वापरावी अशी ठेवली. तिचें नांव ‘फ्लॅक’. समेवर येणारा गायक कोठें येणार हें जाणत्या श्रोत्याला आधीं कळतें. तसें मागच्या कांहीं मापांवरून पुढचें माप काय असेल याचा अंदाज हें यंत्र बांधतें, आणि प्रत्यक्ष माप व अंदाज यांतली बाकी तेवढीच लिहितें. बाकी लहान असते म्हणून जागा थोडी लागते. अंदाजाची रीतहि सोबतच लिहिलेली असते, म्हणून मूळ माप जसेंच्या तसें परत येतें. बहुधा निम्म्याच्या आसपास जागा वांचते. यांतली एक गंमत जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांना पहिल्याच दिवशीं कळते. ज्याचा अंदाज बांधतां येत नाहीं तें आकुंचितहि होत नाहीं; आणि तबकडीच्या खरखरीइतकें बेभरंवशाचें दुसरें काय आहे? म्हणून अब्दुल करीमखांचा षड्ज थोड्या जागेंत मावतो आणि त्याच्यावर बसलेली धूळ जास्त जागा खाते.

त्याच धारिकेच्या आरंभीं मूळ मापांवरून काढलेली एक खूण असते, बत्तीस अक्षरांची. मापांत एका जागीं फरक झाला कीं ती खूण जुळत नाहीं. दोन वर्षांनीं, दहा वर्षांनीं केव्हांहि धारिका उलगडून ही खूण पुन्हां काढावी आणि जुनीशीं ताडून पाहावी. जुळली तर गाणें जसें ठेवलें तसें आहे. शके ७८२ कीं ९८२ हा वाद येथें क्षणांत मिटला असता. डिसेंबर २०२४ मध्यें या पद्धतीस इंटरनेटच्या जागतिक प्रमाणकांत स्थान मिळालें, म्हणजे आतां ती एका माणसाच्या किंवा एका मंडळीच्या मर्जीवर राहिलेली नाहीं. अॅपलनें २००४ सालीं अशीच आपली निराळी पद्धत काढली होती आणि २०११ सालीं ती खुली केली. दोहोंचें फळ सारखेंच.

घरांत ही साठवण करण्यास फार मोठा सरंजाम लागत नाहीं. एक लाख कोटी बाइटांची, म्हणजे एक टेराबाइटची, एक साधी चकती घेतली तरी तींत सीडीच्या मापाचें अक्षत संगीत न आकुंचितां दीड हजार तासांहून अधिक मावतें, आकुंचित केलें तर सुमारें दुप्पट. रास्पबेरी पाय नांवाचा, हातावर मावणारा स्वस्त संगणक २०१२ सालीं निघाला तेव्हांपासून तर जुन्या स्टीरिओच्या मागें असा एक संगणक आणि अंकांचे स्वर करणारें छोटें यंत्र, ज्याला डॅक म्हणतात, एवढें जोडून काम भागतें. घरांतल्या वायफायला सेकंदाचे चौदा लाख बिट म्हणजे कांहींच ओझें नव्हे. एकच खबरदारी: शेवटचा टप्पा ब्लूटूथचा नसावा. त्याच्या नेहमींच्या पद्धतीहि ध्वनि टाकूनच पुढें धाडतात, आणि मग मागची सगळी निगा दाराशीं आल्यावर वाया जाते. भाड्याच्या संगीतसेवांनींहि अक्षत मापाकडे वळण घेतलें आहे. अॅपलनें २०२१ च्या जूनपासून तें जादा दाम न घेतां दिलें. पण भाड्याचें घर तें भाड्याचें. कंपन्यांचे करार संपले कीं एखादें गाणें रातोरात नाहींसें होतें, आणि मराठी नाट्यसंगीतांतल्या आडबाजूच्या तबकड्या तेथें मुळांतच फारशा नसतात. त्या संग्राहकांकडे आहेत. मुंबईंत १९९० सालीं स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेनें चोरबाजारापासून वाड्यांच्या माळ्यांपर्यंत विखुरलेल्या या धनाकडे लोकांचें लक्ष वेधलें आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ या आपल्या पत्रिकेंतून त्याच्या याद्या व माहिती छापली. आपल्या सध्यांच्या कायद्याप्रमाणें ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षें चालतो. गीतकार व संगीतकार यांचे हक्क निराळे मोजावे लागतात.

नाहींशा होण्याची गोष्ट निघाली म्हणजे उल्हासनगरची आठवण टाळतां येत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ लष्करासाठीं उभारलेल्या छावणींत फाळणीनंतर सिंधमधून आलेलीं निर्वासित कुटुंबें उतरलीं, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्या छावणीचें उल्हासनगर झालें. गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी त्या समारंभास आले होते. हीं माणसें घरदार सोडून आलीं. लाखेची तबकडी जड आणि हातून पडतां क्षणीं फुटणारी; जिवाच्या भीतीनें निघालेल्या माणसाच्या गांठोड्यांत तिला जागा कोठून मिळावी? गळ्यांत होतें तें मात्र आलें. भगत कंवरराम १ नोव्हेंबर १९३९ रोजीं सिंधमधल्या रुक स्थानकावर मारले गेले. परंतु त्यांचीं भजनें उल्हासनगरांत घराघरांतून चालत राहिलीं. त्यांच्या आवाजाचीं जीं थोडीं मुद्रणें उरलीं तीं आज हातोहात फिरतात, आणि बहुधा अशींच फिरतात कीं कोणी एकानें कॅसेटवरून एमपी३ केलें, दुसऱ्यानें तें भ्रमणध्वनीवरून धाडलें, तिसऱ्यानें त्यांतून पुन्हां उतरविलें. तबकडीवरून थेट घेतलेली अक्षत प्रत ज्याच्याजवळ असेल त्यानें ती दोघांतिघांना द्यावी हें बरें. नांवाचीहि पंचाईत आहे. सिंधी भाषेला १९६७ सालीं घटनेच्या आठव्या परिशिष्टांत स्थान मिळालें, पण ती अरबी वळणाच्या लिपींत लिहावी कीं देवनागरींत, हा प्रश्न दोन्ही लिप्या चालूं ठेवूनच सुटला. संगणकावर धारिकांचीं नांवें मात्र लोक रोमन अक्षरांत घालतात, आणि एकाच कंवररामांचे चारपांच निरनिराळे गायक होऊन बसतात. दोन्ही लिप्या संगणकाला आतां उत्तम येतात. तेव्हां नांव मूळ लिपींत घालणें हाहि अक्षततेचाच एक भाग समजावा. ख्यालाच्या संग्रहांतली अडचण निराळी आहे. विलायती बेतानें केलेले चालक ‘कलावंत’ आणि ‘अल्बम’ एवढेंच विचारतात. राग कोणता, ताल कोणता, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, मैफल कोठें व केव्हां झाली, हें ज्यांचें त्यांनीं आपले रकाने पाडून भरावयाचें. तेवढा कंटाळा न करणारा संग्राहक पन्नासांत एक.

बदलापुराची बाजू पाण्याची आहे. उल्हास नदी गांवाजवळून वाहते, आणि २६ जुलै २००५ च्या महापुरानें या खोऱ्याला जें दाखविलें तें लोक विसरलेले नाहींत. पुन्हां २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस चहूंबाजूंच्या पाण्यांत तासन्‌तास अडकून पडली, आणि हजाराहून अधिक प्रवाशांना नौकांतून बाहेर काढावें लागलें. अशा ठिकाणीं तळमजल्यावरच्या कपाटांत ठेवलेल्या संग्रहाचें काय होतें, याचा विचार आधीं केलेला बरा. लाखेची तबकडी पाण्यानें एकदम मरत नाहीं, पण तिच्यावरची कागदी चिठ्ठी सुटते, आणि मग हा आवाज कोणाचा हें सांगणारें कोणी उरत नाहीं. फितीवर बुरशी धरते. संगणकाची चकती भिजली तर एका दमांत हजार मैफली जातात. या बाबतींत नवी साठवण जुनीपेक्षां जास्तच नाजूक. तिचें बळ एवढेंच कीं दुसरी प्रत पहिलीइतकीच चांगली असते. म्हणून ती दुसरी प्रत दुसऱ्या गांवीं असावी: अंबरनाथच्या मुलीकडे, पुण्याच्या भावाकडे, कोठेंहि, पण त्याच कपाटांत नव्हे. आणि वर्षांतून एकदां ती चकती जोडून खुणा ताडून पाहाव्या. वीज जाण्याचा प्रसंग या भागांत पावसाळ्यांत येतोच; चकती लिहीत असतांना वीज गेली तर धारिका अर्धवट राहते, आणि ती अर्धवट आहे हें खूण ताडल्यावांचून कळत नाहीं.

राहतां राहिली खरखर. तबकडीवरचे ओरखडे संगणकानें पुसतां येतात, आणि तें केलें कीं ऐकणाऱ्याला प्रथम मोठें बरें वाटतें. पण पुसणारें यंत्र ओरखडा आणि तबल्याच्या किनारीवरची टिचकी यांत नेहमींच भेद करीत नाहीं. शिवाय आज जें यंत्र उत्तम वाटतें त्याहून चांगलें दहा वर्षांनीं निघेल. तेव्हां त्याला काम करावयास मूळ खरखर शिल्लक हवी. जाणते लोक म्हणून दोन धारिका ठेवतात, एक न पुसलेली आणि एक ऐकावयाची.

या पुसण्याकापण्यांत आणखी एक वस्तु जाते. अगदीं आरंभींच्या तबकड्यांच्या शेवटीं गाणें संपतांच गायक किंवा गायिका स्वतःचें नांव उच्चारीत असे. गौहरजान तर तें इंग्रजींत सांगे. मेणाचा ठसा परदेशीं गेल्यावर तेथल्या कारागिरांना, ज्यांना या भाषेचें अक्षर कळत नव्हतें, कोणती चिठ्ठी कोणत्या तबकडीवर चिकटवावयाची हें कळावें म्हणून ही सोय होती असें सांगतात. कसलीहि सजावट नसलेला, गाण्याच्या आवेशांतून नुकताच बाहेर आलेला तो बोलण्याचा आवाज. अनेक प्रतींत तो सांपडत नाहीं. गाणें संपल्यावर नुसती खरखर उरते असें समजून कोणीतरी धारिकेचें शेपूट कापलेलें असतें. धारिका फ्लॅकची आहे, खूण जुळते आहे, एकहि आंकडा गळलेला नाहीं. आणि नांव नाहीं.